गावात ट्रेनिंग आणि काम आणायचं असेल तर ग्रामपंचायतीत नेमकं काय मागायचं

गावातली पोरं-पोरी भेटल्या की पहिला प्रश्न हाच असतो, ताई कुठं काही कोर्स निघालाय का, कुठं भरती आहे का, आणि मग त्यातलेच काहीजण तालुक्याला जाऊन कुठल्यातरी क्लासला पंधरा-वीस हजार भरून येतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं शिक्षण सरकारी खर्चाने होणारं असतं आणि त्याचा रस्ता आपल्याच ग्रामपंचायतीच्या दारातून जातो. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, बचतगटाचं काम तर त्याच्या आधीपासून करते, त्यात ठेचा खात खात जे समजलं ते इथं लिहितेय, ज्याला उपयोग होईल त्याने घ्या.

एकच गोष्ट आधी सांगते. ग्रामपंचायतीत जाऊन "आमच्या पोरांना काहीतरी कोर्स द्या" म्हटलं की काही होत नाही, समोरचा माणूस "बघू" म्हणतो आणि विषय संपतो. नावांची यादी, कोर्सचा विषय आणि पैसा कुठल्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून येणार, हे तिन्ही कागदावर घेऊन गेलात की त्याच माणसाला "बघू" म्हणता येत नाही. रोजगार हमीचं बघा ना, १९७२ च्या दुष्काळातून ती आली, १९७७ ला आपल्या राज्याने कायदा केला, काम मागायचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेसकट पोच घ्यायची हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. कौशल्य मागायची मात्र अशी सवय आपल्याला लागलीच नाही.

आणि "हे आमचं काम नाही, आयटीआयचं काम आहे" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं की भाऊसाहेब, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तिने जी अकरावी अनुसूची आणली त्यात पंचायतींचे २९ विषय दिलेत आणि त्यातला १८ वा विषय तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण हाच आहे. भांडायला म्हणून नाही सांगायचं, पण आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळलं की बोलण्याचा सूर बदलतो. (२०२४ पासून ग्रामसेवकाच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, अर्ज करताना तेच लिहा, बोलताना भाऊसाहेब म्हणा, आमच्याकडं सगळे तसंच म्हणतात.)

आता यादी. ही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं जरा वेळ घेते.

एक दोनशे पानी वही घ्या आणि वाडी-वस्तीवर घरोघर फिरा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकून यादी होत नाही, कारण ज्यांना खरी गरज आहे त्या बाया आणि ती पोरं ग्रुपवर नसतातच. वहीत रकाने असे पाडा: नाव, वय, शिक्षण, आत्ता काय करतो, काय शिकायचंय, जातीचा दाखला आहे का, बँक खात्याला आधार लिंक आहे का, आणि शेवटचा रकाना म्हणजे सलग किती दिवस घराबाहेर राहता येईल. हा शेवटचा रकाना मी पहिल्या वर्षी पाडला नव्हता आणि त्याची शिक्षा भोगली. जिल्ह्याला राहून करायच्या ट्रेनिंगसाठी २२ बायकांची नावं दिली, गाडी ठरवली आणि सकाळी एसटी स्टँडवर आल्या ९ जणी. फेब्रुवारी महिना, ज्वारी काढणीला आलेली, एकीचं बाळ अंगावर पिणारं, एकीच्या सासऱ्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं. चूक त्यांची नव्हती, मीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी विचारते, की ताई, जाता येईल का, कुठल्या महिन्यात येईल, आणि घरी कोण बघेल.

वहीच्या मागच्या पानावर अजून एक गोष्ट लिहायची, ती म्हणजे गावातली माणसं कशा-कशासाठी तालुक्याला जातात. आमच्याकडं निघालं ते असं, पाण्याची मोटर जळली की रिवायंडिंगला, मोबाईलचा डिस्प्ले बदलायला, फ्रिजचा गॅस भरायला, ब्लाऊज शिवायला. म्हणजे हे पैसे गावातून रोज बाहेर चाललेत. कोर्सचा विषय ह्या पानावरून ठरवा. सगळ्यांना कॉम्प्युटर शिकायचाय असं पोरं म्हणतात, शिकू दे, पण गावात विहिरी-बोअरवर मोटरी किती आहेत ते मोजा आणि रिवायंडिंग करणारा किती लांब बसलाय ते बघा, मग दोन पोरं तरी त्या कोर्सला घाला.

यादी झाली की पैसा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार कर वगैरे, त्यातला १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समजा उत्पन्न ४ लाख आहे तर महिला-बालकल्याणाचे ४० हजार झाले. रक्कम लहान वाटते, पण गावात बॅच भरवायची तर हॉलची लाईट, कच्चा माल, चहापाणी, जाण्यायेण्याचं भाडं एवढं त्यात बसतं. आमच्याकडं वर्षानुवर्षं ह्या पैशातून सतरंज्या आणि खुर्च्या यायच्या, त्या बायकांच्या नावावर लागायच्या आणि लग्नाकार्यात गावभर फिरायच्या. मी मासिक मीटिंगला एवढंच विचारलं की ह्या वर्षी ह्या हेडला किती जमा झाले आणि किती शिल्लक आहेत, दुसरं काही बोलले नाही. पुढच्या मीटिंगला आकडा आला. सदस्य नसलात तरी हा आकडा मिळतो, ग्रामसभेत विचारा, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मोठा पैसा जिल्हा परिषदेकडे असतो, तिच्या स्वतःच्या म्हणजे सेस फंडातून. तिथेही महिला व बालकल्याणाला १० टक्के आणि समाजकल्याणाला २० टक्के असतात. शिलाई मशीन, एमएस-सीआयटीची फी, पिठाची गिरणी, ड्रायव्हिंगचं ट्रेनिंग असल्या योजना ह्यातून निघतात, पण दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात वेगळ्या, म्हणून शेजारच्या जिल्ह्याची पोस्ट बघून अर्ज करू नका, आपल्या पंचायत समितीत जाऊन महिला-बालकल्याणच्या आणि समाजकल्याणच्या टेबलला विचारा. अर्ज पंचायत समितीतून वर जातो. बऱ्याच योजनांत आता वस्तू हातात देत नाहीत, आधी आपण दुकानातून घ्यायची, मग पैसे खात्यावर येतात. त्यामुळे दुकानदाराकडून जीएसटीचं पक्कं बिल घ्याच, लाभार्थ्याच्या नावाचं, साध्या पावतीवर आमच्या एका मावशींचा प्रस्ताव परत आला होता आणि तोपर्यंत त्यांनी उसनवारी करून गिरणी घेऊन ठेवलेली, तीन महिने ते व्याज त्यांनी भरलं.

मशीनबद्दल मला एक सांगायचंच आहे. एका वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते, तर कोपऱ्यात योजनेतून मिळालेली शिलाई मशीन, वरून जुन्या साडीने झाकलेली आणि त्यावर पोरांची दप्तरं. म्हटलं वहिनी चालवत नाही का, तर म्हणाल्या, उसवलेलं टाचते घरातलं, ब्लाऊजची कटिंग कुठं येते मला, लोकांचं कापड नासलं तर भरून कोण देणार. मशीन दिली म्हणून योजना कागदावर पूर्ण झाली, पण वहिनींच्या हाताला काम आलं नाही. म्हणून माझं सांगणं आहे की वस्तू मागायच्या आधी ट्रेनिंग मागा, आणि ट्रेनिंग मागताना त्यातून पहिली ऑर्डर कुठली मिळणार तेही ठरवा.

ट्रेनिंगसाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे आरसेटी, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ह्या संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि बँका चालवतात, बहुतेक ठिकाणी जिल्ह्याची अग्रणी बँकच. ह्याची सुरुवात १९८२ साली कर्नाटकात उजिरेला झाली, तिथलं बघून मग देशभर झाल्या. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट, कोर्स दहा-बारा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, मोटर रिवायंडिंग, ब्यूटी पार्लर असे. कोर्स झाल्यावरही दोन वर्षं ते पाठपुरावा करतात, बँकेच्या कर्जाला मदत करतात, हे लोकांना माहीत नसतं, कोर्स संपला की सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि परत त्या ऑफिसला फोनच करत नाहीत.

आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी आरसेटीवाले गावात येऊनही बॅच घेतात. त्याला तीसेक नावं पक्की लागतात, हॉल लागतो, लाईट लागते, पाणी आणि संडासची सोय लागते, आणि ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. इथं ग्रामपंचायतीचं काम फार मोठं नाही पण तिच्याशिवाय होतही नाही. आम्ही समाजमंदिर दिलं, लाईट बिल ग्रामपंचायतीने भरलं, लहान पोरं अंगणवाडीत ठेवली, आणि त्या ९ जणींच्या जागी ह्या वेळी महिनाभर ३१ जणी रोज यायच्या. वहिनी पण आल्या. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राचे कागद कापून कटिंग शिकवतात, कापडाला हात लावू देत नाहीत, त्या घरी जाऊन रात्री जुन्या पेपरावर कोयरीचे गळे कापत बसायच्या, मालक म्हणायचे आता रद्दीचे पैसे पण गेले.

हे सगळं घडायला ठराव लागतो. आपल्याकडं वर्षाला कमीत कमी चार ग्रामसभा होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांच्या आसपास. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा, म्हणजे 'आमचा गाव आमचा विकास' मधला, ह्यातल्या १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांत बोलला जातो, म्हणून मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही, पैसे तेव्हा आधीच लागलेले असतात. सभेच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, विषयपत्रिकेवर विषय आला का ते नोटीस बोर्डावर जाऊन बघा. महिलांची ग्रामसभा आधी होते, तिथून ठराव करून आणला तर अजून वजन येतं. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, तेवढी माणसं आणायची जबाबदारी आपण घ्यायची कारण सभा तहकूब झाली की आपला विषय महिनाभर मागं जातो.

ठराव घरूनच लिहून न्या, तिथं सुचत नाही. आम्ही लिहिला होता साधारण असा: "गावातील सोबत जोडलेल्या यादीतील ३५ महिलांसाठी शिवणकाम प्रशिक्षण गावातच घेण्याकरिता संबंधित प्रशिक्षण संस्थेस ग्रामपंचायतीने पत्र द्यावे, समाजमंदिर विनामूल्य उपलब्ध करून द्यावे, आणि लागणारा किरकोळ खर्च ग्रामनिधीतील महिला व बालकल्याणच्या १० टक्के रकमेतून करावा, असे सर्वानुमते ठरले." सूचक आणि अनुमोदकाचं नाव घाला. सभा संपल्यावर लगेच उठू नका, प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या नोंदीच्या वहीत तो लिहिला गेला का ते डोळ्याने बघा, आणि आठ दिवसांनी ठरावाची नक्कल मागून घ्या. ही नक्कल म्हणजे आपलं हत्यार आहे, गटविकास अधिकाऱ्यांकडे जा, उमेदच्या, म्हणजे बचतगटांच्या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षात जा, आरसेटीत जा, सगळीकडे हीच दाखवायची.

आता कारागिरांसाठी. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय आहेत त्यात, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, न्हावी, परीट, चांभार, गवंडी, शिंपी वगैरे. ५ ते ७ दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी सेंटरवर, म्हणजे ऑनलाईन सरकारी कामांच्या केंद्रावर अंगठा लावून होते, एका कुटुंबातून एकालाच, रेशनकार्ड घेऊन जा. हे बऱ्याच जणांनी केलं, आणि मग मेसेजच येईना म्हणून फसवलं असं वाटून गप्प बसले. खरं कारण असं की अर्ज तीन पायऱ्यांनी पुढं जातो आणि पहिली पायरी ग्रामपंचायतच आहे. सरपंचांच्या लॉगिनला अर्ज पडलेला असतो, हा माणूस खरंच हे काम करतो का हे त्यांनी तपासून पुढं पाठवायचं असतं, ते झालं की मग जिल्हा समिती. आमच्या शेजारच्या गावात असे बरेच अर्ज पडून होते, सरपंचबाईंना लॉगिन आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची काही चूक नाही, मोबाईल मुलाकडे आणि ओटीपी त्यावर. एका संध्याकाळी ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर, सरपंचबाई आणि त्यांचा मुलगा असे तिघं पारावर लॅपटॉप घेऊन बसले आणि एकेक नाव वाचत गेले, हा लोहार ना, हो, ह्याचा भाता अजून चालतो, पाठवा. दोन तासांत सगळे गेले. तेव्हा अर्ज केला असेल आणि काहीच कळत नसेल तर आधी सरपंचांना भेटा, आणि खोटं नाव पुढं पाठवा म्हणून त्यांना भरीस घालू नका, एक खोटं नाव गेलं की खऱ्या कारागिरांच्या अर्जांकडेही संशयाने बघतात.

नोकरीच हवी आहे त्या पोरांनी महास्वयंम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, पैसे लागत नाहीत, पूर्वीचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज तेच आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी रिकाम्या जागा ह्या ऑफिसला कळवायच्या असायच्या, २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे हेच ऑफिस घेतं, ग्रामपंचायत तिथं गाडीची सोय करू शकते, आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मेळाव्याची तारीख लावा एवढं तरी सांगा. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ५११ गावांत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली होती, आपल्या तालुक्यात त्यातलं एखादं आहे का आणि चालू आहे का ते ह्याच जिल्हा ऑफिसला विचारून घ्या. धंद्याला कर्ज काढणार असाल, पीएमईजीपी ह्या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेतून, तर ग्रामीण भागाचा लोकसंख्येचा दाखला ग्रामपंचायतच देते, तो आधीच काढून ठेवा.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. महापालिका, नगरपालिकांनाही ५ टक्के महिला व बालकल्याणाला ठेवावे लागतात, पुण्यासारख्या ठिकाणी समाज विकास विभाग ह्या कामासाठी आहे, आपल्या वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा. हातगाडीवाल्यांचं पीएम स्वनिधीचं, म्हणजे त्यांच्या कर्जाच्या योजनेचं काम पण नगरपालिकेतूनच होतं, सर्व्हेत नाव नसेल तर शिफारस पत्र त्यांच्याकडूनच मिळतं.

आणि शेवटी पहिली ऑर्डर, जी मी वर म्हटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना दोन गणवेश मिळतात, एकाला ३०० प्रमाणे ६०० रुपये, आणि मध्ये एक वर्ष सोडलं तर खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते, म्हणजे गावातल्याच पालकांकडे. ट्रेनिंग चालू असतानाच आम्ही मुख्याध्यापकांना आणि समितीच्या अध्यक्षांना भेटलो, नमुन्याचा एक शर्ट शिवून नेला, दर लेखी दिला. १४० मुलं, २८० जोड. पाच जणींनी घेतलं, शाळेच्या व्हरांड्यात पोरांना रांगेत उभं करून मापं घेतली, पहिलीची पोरं हात वर करून हसत सुटायची, माप चुकायचं, परत घ्यायचं. पैसे यायला उशीर झाला, दिवाळीच्या आधी आले, तोपर्यंत कापडाचे पैसे ग्रामसंघातून, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघातून कर्जाने उचलले होते, तेव्हा तुम्हीही ही सोय आधी करून ठेवा नाहीतर पहिल्याच ऑर्डरला बाया घाबरतात. पुढच्या वर्षी वहिनींनी दर ठरवताना मला बोलावलं नाही, त्या एकट्याच मीटिंगला गेल्या, आणि त्यांच्या मशीनवरची ती साडी आता मशीनच्या खाली, सुई-दोऱ्याच्या चिंध्या पडू नयेत म्हणून अंथरलेली असते.